बाबाले स्क्रॅच कार्डची लॉटरी लागली म्हणे, सोमवारपर्यंत पैसे भरायचेत, कसं समजावू?

धुऱ्यावरून (शनिवार, रात्री ९.४०)

मंडळी थोडं लांबलचक आहे पण वाचा आणि लवकर सांगा, कारण सोमवारी दुपारी बारापर्यंतच वेळ आहे. म्हणजे तो वेळ चोरानं दिलेला आहे पण बाबाच्या डोक्यात तोच घट्ट बसलाय.

मी बुटीबोरीला कंपनीत आहे, घर दारव्ह्याकडे खेड्यात, घरी आईबाबा दोघंच. आज सुट्टी म्हणून आलो तं आई चुलीपाशी हळूच म्हणते, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे खात्यात कमी दिसून राहिले, तू काढले का रे? मी कशाले काढतो. बाबाले विचारलं तं आधी नाही नाही, मग कोठीच्या मागून एक पाकीट काढलं.

पाकीट टपालानं आलेलं. वर बाबाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, पिनकोड, मोबाईल नंबर, एकही चूक नाही (आमच्या रेशनकार्डावर तीन आहेत). आत गुळगुळीत कागद, गाडीचा फोटो, खाली खरडायचं कार्ड, खरडलं की "प्रथम पुरस्कार १२,६०,०००". कोपऱ्यात अशोकस्तंभ, दोन निळे शिक्के, इंग्रजी सही. मागच्या बाजूला अटी, त्यात एक ओळ मराठीत, "विजेत्याने ही माहिती गोपनीय ठेवावी". पोळ्याच्या सुमारास बाबानं मोबाईलवर जाहिरात पाहून बॅटरीचा फवारणी पंप मागवला होता, फोनवरचा माणूस म्हणे त्याच ग्राहकांतून तुमचा नंबर निघाला.

तीन आठवड्यांपूर्वी ५,२०० रजिस्ट्रेशनचे गेले. परवा गुरुवारी १२,६०० गेले, "एक टक्का टॅक्स". आता १८,९०० मागून राहिले, एनओसीचे म्हणे. बाबाचं म्हणणं एकच, आता थांबलो तं आधीचे १७,८०० पण बुडतील. सोमवारी सकाळी आईची पोत घेऊन तालुक्याले जायचं ठरवून बसलेत. मी ओरडलो तं म्हणाले तुले बापाचं चांगलं झालेलं पाहवत नाही. आता अंगणात खाट टाकून पाठ करून झोपलेत.

बँकेतून_रिटायर (शनिवार, रात्री ९.५८)

समजावणं नंतर. गुरुवारचा व्यवहार म्हणजे दोनच दिवस झालेत, आत्ता १९३० लाव, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे, रात्री पण चालू असतो, सोमवारची वाट बघू नको.

त्याआधी हे समोर घेऊन बस: बाबाचा खाते क्रमांक, दोन्ही व्यवहारांची तारीख, वेळ, रक्कम, बारा आकडी यूटीआर नंबर (यूपीआय ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो), ज्याला गेले त्याची आयडी, आणि ज्या नंबरवरून फोन येतो तो. तक्रार नोंदली की ती थेट समोरच्या बँकेकडे जाते, त्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडकवून ठेवतात, आणि पुढच्या खात्यात गेलं असेल तर तिथल्या बँकेला कळवतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, तासाभरात चार ठिकाणी वाटतो आणि एटीएममधून काढतो. म्हणून घाई. तीन आठवड्यांपूर्वीच्या ५,२०० ची आशा ठेवू नको, गुरुवारच्यातले काही सापडतीलही.

फोन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर जाऊन भर. पावती नंबर जपून ठेव.

वऱ्हाडी_ठेचा (शनिवार, रात्री १०.१५)

अबे हे तं काहीच नाई. आमच्या गावात मागच्या उन्हाळ्यात जीपच आली होती, वर भोंगा, मागं फ्रिज कुलर मिक्सर रचून ठेवलेले, पन्नास रुपयाचं कूपन खरडा अन् बक्षीस न्या. आमच्या आजीले पहिल्याच कूपनात फ्रिज लागला बाप्पा! सारं आवार गोळा झालं. मग तो पोट्टा म्हणे आजी फ्रिज तुमचाच, फक्त ३,५०० भरा कंपनीच्या भाड्याचे, फ्रिज उद्या गोडाऊनहून येते, तोवर ह्यो कुकर घरी ठेवा. आजीनं गठुड्यातून पैसे काढून देल्ले. तो फ्रिज अजून गोडाऊनमधीच हाय. कुकरची शिटी तं पहिल्याच डाळीले उडाली, छताच्या कवेलूत जाऊन बसली.

गंमत म्हणजे त्या दिवशी गावात सात जणाईले फ्रिज लागला. सात! अन् जीपमधी फ्रिज एकच. कोणाच्या डोक्यात आलं नाई का हे सात फ्रिज येतीन कुठून.

धुऱ्यावरून (शनिवार, रात्री ११.२०)

१९३० चौथ्यांदा लावला तेव्हा लागला. पण मधातच घोळ झाला, बाबा उठून आले आणि फोनपाशी उभे राहून म्हणतात मला तक्रार करायची नाही, ते लोक नाराज होतील, बक्षीस रद्द करतील. फोनवरच्या बाईनं ऐकलं. ती चिडली नाही, म्हणाली आजोबा, बक्षीस खरं असेल तर तक्रारीनं रद्द होत नाही, तुम्ही फक्त व्यवहार नोंदवा. ह्या वाक्यावर बाबा तयार झाले. मी दोन तास डोकं आपटत होतो.

गुरुवारचा व्यवहार नोंदला, जुना पण. पण बाबा अजून मानत नाहीतच. त्यांच्या हिशेबानं ही पावती म्हणजे आणखी एक कागद, उद्या त्या माणसाला दाखवू म्हणतात.

पुण्यात_रमलेला (शनिवार, रात्री ११.४५)

सॉरी पण खरं बोलतो, लोभ सुटत नाही लोकांचा. फुकटचे बारा लाख कोण देतं? इतक्या वेळा पेपरात येतं, कॉलर ट्यूनवर सरकारनं ओरडून सांगितलं, तरी तेच. शिक्षण नाही आणि हाव आहे, बाकी काही नाही.

बचतगटवाली_ताई (रविवार, सकाळी ६.३०)

वरच्या दादा, मी बी.ए. आहे आणि आमच्या ग्रामसंघाचे हिशेब लिहिते, महिन्याला लाखांच्या वर उलाढाल माझ्या सहीनं होते. आणि मी स्वतः फसले आहे. इथं कोणी ओळखत नाही म्हणून लिहिते.

मला व्हॉट्सॲपवर आलं होतं, त्या करोडपतीवाल्या टीव्ही कार्यक्रमाच्या नावानं, २५ लाखाची लॉटरी, एक हिंदीतली बोललेली क्लिप आणि खाली बँक मॅनेजरचा नंबर. नंबर +९२ नं सुरू होता. तो पाकिस्तानचा कोड असतो हे मला नंतर कळलं, आपले नंबर +९१ नं सुरू होतात एवढं पण तेव्हा लक्षात नाही आलं. मी फोन केला. तो माणूस इतका आदरानं बोलला, बहनजी बहनजी, मुलांची चौकशी केली, कोण काय शिकतं. त्या महिन्यात पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती आणि सोयाबीन पावसानं काळं पडलं होतं. मी त्याला फीचं सांगितलं. मीच सांगितलं! मग त्यानं एक व्हिडिओ पाठवला, टेबलावर नोटांची थप्पी आणि तिच्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव पेनानं लिहिलेलं. तेवढ्या एका चिठ्ठीवर मी ८,००० पाठवले. मग १५,०००. गटाच्या पैशाला हात लावला नाही ही देवाची कृपा.

नवऱ्याला आठ महिने सांगितलं नाही. का, तर क्लिपमध्येच होतं की कोणाला सांगाल तर नंबर कॅन्सल होईल. आणि नंतर, दादा तुम्ही जे लिहिलंत ना, तेच सगळे म्हणतील म्हणून. चोराला माहीत असतं की हे लोक हसण्याच्या भीतीनं गप्प बसतील. एकीला जरी विचारलं असतं तरी ते १५,००० वाचले असते.

धुऱ्यावरून भाऊ, बाबांना ओरडू नका. ते ज्याला "साहेब" म्हणतात त्याला शिव्या पण देऊ नका त्यांच्यासमोर, नाहीतर ते त्याचीच बाजू घेतात.

पुण्यात_रमलेला (रविवार, सकाळी ८.०५)

ताई, माफ करा. माझ्या काकाचा राग तुमच्यावर काढला, त्यांनी असंच केलंय आणि अजून कोणाचं ऐकत नाहीत.

लॉटरीचा_गाळा (रविवार, सकाळी ८.४०)

बस स्टँडवर बावीस वर्षं लॉटरी विकली, आता गाळ्यात रिचार्ज आणि झेरॉक्स. म्हणून खरी लॉटरी कशी असते ते सांगतो, बाबाले वाचून दाखव.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. देशात लॉटरी काढायचा हक्क फक्त राज्य सरकारला, तसा १९९८ चा केंद्राचा कायदाच आहे. पंपवाला, टीव्हीवाला, सिमकार्डवाला, कोणतीच कंपनी लॉटरी काढू शकत नाही. पैसे देऊन कागदाचं तिकीट घ्यायचं, त्यावर सरकारचा शिक्का, सोडतीची तारीख, नंबर. निकाल जाहीर होतो, आपला आपण जुळवायचा. मोठं बक्षीस असलं तर मूळ तिकीट आणि कागदपत्रं घेऊन आपणच ऑफिसात जायचं असते. बावीस वर्षांत सरकारनं एकाही माणसाला फोन करून "तुम्हाला लागली हो" म्हणून सांगितलेलं मी पाहिलं नाही. गिऱ्हाईकच चपला झिजवत येत होतं.

आणि तो एक टक्का टॅक्स वाचून तं मले हसू आलं. लॉटरीवर ३० टक्के कापतात. तुझ्या बाबाच्या १२,६०,००० वर ३,७८,००० होते. पण ते देणारा कापतो आणि सरकारात भरतो, हाती ८,८२,००० येतात. घेणाऱ्याने आधी भरायचं असं नसते. तुझ्या बाबाले सांग त्या साहेबाले म्हणा, टॅक्स, एनओसी, जे काय असन ते बक्षिसातून कापून घे, मले उरलेले दे. पाय पडून सांगतो, लाखातले अठरा हजार कापायले त्याले काय जड आहे.

धुऱ्यावरून (रविवार, सकाळी ९.३०)

काका तुमचं वाचून दाखवलं. बाबा म्हणतात हे मी विचारलं होतं, साहेब म्हणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बक्षिसाच्या रकमेला हात लावता येत नाही, ती सील असते.

म्हणजे त्याच्याकडं सगळ्याची उत्तरं तयार आहेत.

बँकेतून_रिटायर (रविवार, सकाळी ९.५०)

असणारच, त्याचा धंदा आहे. रिझर्व्ह बँक तुमची आमची खाती ठेवत नाही. तिच्याकडं बँका आणि सरकार यांची खाती असतात. कोणाचं बक्षीस सील करणं, सोडणं, त्यावर फी घेणं हे तिचं कामच नाही. हे तिनं स्वतः जाहिराती देऊन सांगितलंय.

आणखी एक बघ. पैसे कोणाच्या नावावर गेले? ॲपमध्ये नाव दिसतं. कंपनीचं, सरकारी खात्याचं नाव आहे का तिथं?

धुऱ्यावरून (रविवार, सकाळी १०.०२)

पहिले एका बाईच्या नावावर. दुसरे भलत्याच पोराच्या नावावर, आयडीत कुठल्या तरी मोबाईल शॉपीचं नाव. बाबा म्हणे ते अकाउंटंट असतील.

सेतूवाला (रविवार, दुपारी १२.१५)

ते "अकाउंटंट" कोण असतात मी सांगतो, माझं सेतू केंद्र आहे, रोज बघतो. आपल्यासारख्याच गावातली पोरं. कोणीतरी येतो, म्हणतो खातं उघड, पासबुक एटीएम सिम माझ्याजवळ दे, तीन हजार घे. पोराला वाटते बसल्या जागी पैसे मिळाले. मागं एक पोट्टा आला माझ्याकडं, खातं बंद का झालं बघा दादा. पाहिलं तर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांनी गोठवलेलं. रोजगार हमीचे पैसे त्याच खात्यात, बापाचं अनुदान त्याच खात्यात, सगळं अडकलं. वर नोटीस आली ती वेगळी. चोर सापडला नाही, पोट्टा सापडला. तुमच्या घरात, शेजारी असा कोणी तीन हजारवाला असला तर आजच थांबवा.

दुसरं, यूपीआयचं. माझ्याकडं एक आजी फोन घेऊन आली, बक्षिसाचे पैसे यायचेत, ह्या चौकोनावर फोन धर आणि माझा पिन टाकून दे बाबू. मी म्हटलं आजी पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. येणारे पैसे आपोआप येतात, त्याला स्कॅन लागत नाही, पिन लागत नाही. आजी म्हणे मग तो असं काहून म्हणते? मी म्हटलं त्याच्याच नंबरवर विचारा. स्पीकरवर लावलं, मी नुसता खाकरलो, तर फोन कट!

(आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, पीएम किसान यादी, बक्षीस फॉर्म अशा नावानं फाईल आली आणि शेवटी एपीके असलं तर हात लावू नका. ती ॲप असते, ओटीपी तिकडं जातात. ह्यावर वेगळा धागा काढतो कधी.)

शेतीमाती (रविवार, दुपारी १२.५०)

बँक भरून देत नाही का? मी ऐकलं तीन दिवसांत सांगितलं तर पूर्ण पैसे परत देतात.

बँकेतून_रिटायर (रविवार, दुपारी १.१०)

तो रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम. त्यात तुमची चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे उडवले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमची जबाबदारी शून्य. इथं बाबांनी स्वतः पिन टाकून पाठवलेत, त्यामुळं त्या नियमानं बँक ती रक्कम देणार नाही. इथं आशा फक्त समोरच्या खात्यात जे अडकेल त्याचीच.

वणीचा_वकील (रविवार, दुपारी २.००)

थोडक्यात. हे नव्या न्याय संहितेत कलम ३१८ ची फसवणूक आणि आयटी कायद्यातलं ६६ ड. अशोकस्तंभ खासगी माणसाला छापता येत नाही, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे, म्हणजे तो छाप दिसला म्हणून विश्वास वाढायच्या ऐवजी कमी व्हायला पाहिजे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर म्हणा. अडकलेली रक्कम परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागू शकतो, ते फार अवघड नाही. आणि कोणाला परदेशी लॉटरीचा ईमेल आला असेल तर लॉटरीसाठी भारतातून बाहेर पैसे पाठवणं हे परकीय चलनाच्या फेमा कायद्यातच बंद आहे, म्हणजे फसलेला माणूस तक्रार करायलाही बिचकतो, चोराला तेच हवं असतं.

मूळ पाकीट फाडू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का बघा कुठला आहे.

धुऱ्यावरून (रविवार, दुपारी २.३०)

शिक्का पुसट आहे, पण आपल्याकडचा नाही, राज्याबाहेरचा वाटतो. बाबाचा मुख्य मुद्दा तोच आहे, "पोस्टानं आलं, पोस्टमननं सही घेऊन देल्लं, मग खोटं कसं?"

सेतूवाला (रविवार, दुपारी २.४०)

पोस्टमन पत्ता पाहते भाऊ, आत काय आहे ते नाही पाहत. तिकीट लावलं की चोराचं पण पाकीट पोचते. आणि पत्ता कुठून आला? पंपाच्या पार्सलवरच नाव, गाव, मोबाईल सगळं छापलेलं असते. त्या याद्या विकल्या जातात.

मूर्तिजापूर_लाइन (रविवार, दुपारी ३.०५)

धुऱ्यावरून, त्या कार्डाचा फोटो टाकतो का इथं? नाव पत्ता झाकून. माझ्या सासऱ्यांना असंच काही आल्याचं साळा बोलला होता.

धुऱ्यावरून (रविवार, दुपारी ३.२०)

टाकला. खरडलेल्या भागाखाली कोड आहे, शेवटचे आकडे ७३१८.

मूर्तिजापूर_लाइन (रविवार, दुपारी ३.५५)

साळ्याकडून फोटो मागवला, हा घे. रक्कम १२,६०,०००. कोड शेवटी ७३१८. सगळाच कोड तोच आहे, एक अक्षर इकडं तिकडं नाही! गाडी पण तीच, लाल. सही पण तीच. माझ्या सासऱ्यांनी पंप नाही, गुडघ्याचं तेल मागवलं होतं.

बाबांना दाखव.

वऱ्हाडी_ठेचा (रविवार, दुपारी ४.००)

सात फ्रिज अन् जीप एकच 😀

धुऱ्यावरून (रविवार, रात्री ८.५०)

दाखवला. काय झालं ते नीट लिहितो.

बाबानं चष्मा लावला, स्वतःचं कार्ड मांडीवर ठेवलं, माझा मोबाईल बाजूला, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले. इकडं एक, तिकडं एक. शेवटच्या आठपर्यंत गेले. मग परत पहिल्यापासून. मी काही बोललो नाही, ताईंचं लक्षात होतं. मग म्हणाले, "पहिला पुरस्कार तं एकालेच असते ना?" मी म्हटलं हो. बस. चष्मा काढला, उठले, पायात चप्पल घालून बाहेर निघून गेले. आई घाबरली, मी मागं गेलो.

ते शेजारच्या काकांकडं गेले. ओट्यावर बसले, थोडा वेळ तुरीच्या शेंगा कशा भरल्या, रोही किती खाऊन राहिले, हेच. मग एकदम विचारलं, "तुले पाकीट आलं का रे पोस्टानं?" काका चूप. काकू आतून म्हणते, आलं नं, आणि देव्हाऱ्यातून घेऊन आली. हळदकुंकू लावलेलं पाकीट. १२,६०,०००. ७३१८. त्यांनी अजून ५,२०० च भरलेत. टॅक्सचे पैसे उद्या भरणार होते, आणि ते कोणाकडून उसने घेणार होते, तर आमच्या बाबाकडून.

मग काकानंच सांगितलं की खालच्या आळीत पण एकाकडं आहे. तिघं रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितात. तीन आठवडे तिघांच्या घरात एकच पाकीट आणि तिघंही गप्प.

बचतगटवाली_ताई (रविवार, रात्री ९.१५)

डोळ्यात पाणी आलं भाऊ. हळदकुंकू लावलं होतं माउलीनं.

बँकेतून_रिटायर (रविवार, रात्री ९.३०)

काकांची पण तक्रार आजच नोंदव, त्यांच्या व्यवहाराची तारीख किती जुनी आहे बघ.

आणि उद्या दुपारी बाराला त्याचा फोन येईल, पैसे का नाही भरले म्हणून. आधी गोड बोलेल, मग पोलीस केस, दंड, घरी वसुली वगैरे. काही होत नाही. नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या.

आणखी एक, हे महत्त्वाचं: महिन्या दोन महिन्यांत दुसराच कोणी फोन करेल, मी सायबर सेलमधून बोलतो, तुमचे बुडालेले पैसे सापडले, सोडवायला २,००० फी. तोच चोर किंवा त्यानं ज्याला यादी विकली तो. एकदा भरलेल्याचं नाव त्यांच्या यादीत वर जातं. बाबांना आत्ताच सांगून ठेव, पोलीस पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत.

धुऱ्यावरून (सोमवार, दुपारी १२.४५)

आला फोन. बारा वाजून सात मिनिटांनी. बाबा, काका आणि खालच्या आळीतले तिघं टपरीवर बसलेले, मी मुद्दाम लांब राहिलो. बाबानं स्पीकरवर लावला. "बाबूजी पेमेंट हुआ नहीं?" बाबा म्हणाले, हमारे गाव में तीन पहला नंबर है, गाडी कौन से घर को भेजते? तिकडून दोन मिनिटं नियम, मग शिव्या, अशा शिव्या की टपरीवाला पण थांबला. मग कट. बाबा फोनकडं बघत बसले थोडा वेळ. तीन आठवडे रोज बाबूजी म्हणणारा माणूस होता तो त्यांच्यासाठी.

वऱ्हाडी_ठेचा (सोमवार, दुपारी १.००)

गाडी कौन से घर को 😂 बाबाले माह्याकडून एक पेशल चहा.

शेतीमाती (बुधवार, सकाळी ७.१०)

पुढं काय झालं भाऊ?

धुऱ्यावरून (बुधवार, रात्री ९.०५)

तालुक्याच्या ठाण्यात जाऊन आलो. पावती नंबर, पासबुकाची झेरॉक्स, व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि मूळ पाकीट मागितलं. बाबा पाकीट चुलीत घालायला निघाले होते, आईनं सरकीच्या रिकाम्या थैलीत लपवलं म्हणून वाचलं. हळदकुंकूवालं पण जमा झालं, हवालदारानं त्याच्याकडं दोनदा पाहिलं.

बाबाच्या १२,६०० पैकी ७,३४० समोरच्या खात्यात अडकलेत असं बँकेतून कळलं. ५,२०० गेले. काकांचे पण गेले. ७,३४० साठी अर्ज करावा लागेल, वकील साहेब तुम्हाला मेसेज करतो.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर १९३० मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं ठरलंय, रंगाचे पैसे तिघं मिळून देणार. आईची पोत आईच्याच गळ्यात आहे.

आणि निघताना मी पोलिसांना सांगत होतो की पंप कोणत्या जाहिरातीवरून मागवला तेही लिहून घ्या, तर बाबानं माझा शर्ट ओढला, म्हणे पंपाचं नको लिहू, पंप चांगला हाय, उगाच वापस मागतीन.